छोट्या मिलिंग मशीनला सीएनसी करताना स्टेपर मोटर कशी निवडायची

सीएनसी म्हणजे मशीनचं टेबल हाताऐवजी संगणकाच्या हुकमाने हलवणं, आणि स्टेपर म्हणजे ठरावीक छोट्या स्टेपनी फिरणारी मोटर. अशा मोटरांच्या यादीत सगळ्यांत ठळक छापलेला आकडा असतो होल्डिंग टॉर्कचा (टॉर्क म्हणजे फिरवण्याचा जोर). दोन न्यूटन-मीटर, तीन, साडेआठ. जो तो त्यावरूनच मोटर निवडतो आणि मशीन चालू झाल्यावर सगळ्यांत कमी कामाला येतो तोही हाच आकडा. होल्डिंग टॉर्क म्हणजे मोटर थांबलेली असताना, दोन्ही वाइंडिंगमधून पूर्ण प्रवाह जात असताना, तिचा शाफ्ट जबरदस्तीने फिरवायला लागणारा टॉर्क. कटर धातूत शिरतो तेव्हा मोटर थांबलेली नसते. फिरत्या स्टेपरचा टॉर्क वेगाबरोबर घसरत जातो आणि तो किती लवकर घसरणार हे मोटरचं इंडक्टन्स (वाइंडिंगचा प्रवाह बदलायला होणारा विरोध) आणि पॉवर सप्लायचं व्होल्टेज या दोघांवर ठरतं. म्हणून मोटर एकटी निवडता येत नाही. मोटर, ड्रायव्हर (मोटरला प्रवाह पुरवणारं सर्किट) आणि सप्लाय एकत्र निवडायचे असतात, आणि सुरुवात मोटरच्या यादीपासून नाही, मशीनपासून करायची असते.

आधी मशीन मोजा

यासाठी काही विशेष साधन लागत नाही. प्रवासाच्या बॅगा तोलायचा हुकवाला काटा आणि मजबूत दोरा पुरतो. टेबलाच्या हँडव्हीलवर दोरा दोन-तीन वेढे गुंडाळा, टोक काट्याला बांधा आणि सावकाश ओढा. व्हील फिरत असताना काटा जे दाखवतो ते वाचा. फिरायला सुरुवात होण्याच्या क्षणीचा झटकाही वेगळा लिहून ठेवा. समजा काट्यावर ०.८ किलो आले आणि व्हीलचा व्यास ८० मिलिमीटर आहे. ०.८ ला ९.८१ ने गुणलं की ७.८५ न्यूटन, त्याला ०.०४ मीटर त्रिज्येने गुणलं की ०.३१ न्यूटन-मीटर. रिकामं टेबल नुसतं हलवायला लागणारा हा टॉर्क.

हेच माप टेबलाच्या दोन्ही टोकांना आणि मध्ये घ्या. मध्ये हलकं आणि टोकांना जड लागत असेल तर स्क्रू वाकडा आहे किंवा नट आणि बेअरिंग एका रेषेत नाहीत. अशा मशीनवर मोठी मोटर बसवणं म्हणजे दुखणं झाकून ठेवणं. गिब (स्लाइडमधली फट आवळणारी पट्टी) नीट बसवा, डोव्हटेल (टेबल ज्यावर सरकतं ती तिरकस खाच) साफ करून तेल घाला, स्क्रूच्या टोकाची बेअरिंग तपासा आणि मग पुन्हा मोजा. गिब सैल ठेवून घेतलेलं माप निरुपयोगी, कारण कटिंग करताना तुम्ही तो आवळणारच.

जुना स्क्रू काढून बॉल स्क्रू (ज्याच्या नटात गोळ्या फिरतात) बसवणार असाल तर नट मोकळा करून टेबल थेट काट्याने ओढा. आता मिळेल ते निव्वळ स्लाइडचं घर्षण. उदाहरणासाठी पुढे ते ८० न्यूटन धरू, म्हणजे काट्यावर साधारण आठ किलो.

कटरचा जोर किती?

इथे लोक फार घाबरतात आणि मनाला येईल तो आकडा धरतात. खरं तर कटरचा जोर स्पिंडलच्या (कटर फिरवणाऱ्या दांड्याच्या) ताकदीपलीकडे जाऊच शकत नाही. स्पिंडलची मोटर ५०० वॉटची असेल आणि पट्टा, गिअर, बेअरिंग यांत गमावून ३०० वॉट कटरपर्यंत पोहोचत असतील, तर कटरच्या परिघावरचं बल म्हणजे ३०० भागिले परिघाचा वेग. १० मिलिमीटरची एंड मिल २००० आरपीएमने फिरत असताना परिघाचा वेग सेकंदाला १.०५ मीटर असतो, म्हणजे बल सुमारे २८५ न्यूटन. स्टीलसाठी ८०० आरपीएमवर आणलं तर वेग ०.४२ मीटर आणि बल ७१५ न्यूटनच्या घरात. हा वाईटात वाईट हिशोब झाला. बहुतेक छोट्या मशीनचं स्पिंडल कमी वेगावर पूर्ण ताकद देत नाही, आणि एवढ्या जोराने कापायला गेलं तर मोटर हरण्याआधी कॉलम थरथरू लागतो.

आता सूत्र. स्क्रूला लागणारा टॉर्क म्हणजे बल गुणिले लीड, भागिले ६.२८ आणि स्क्रूची कार्यक्षमता यांचा गुणाकार. लीड म्हणजे स्क्रूच्या एका फेरीत टेबल सरकतं ते अंतर. बल न्यूटनमध्ये आणि लीड मीटरमध्ये. बॉल स्क्रूची कार्यक्षमता ०.९ धरा. साध्या ट्रॅपेझॉइडल किंवा ॲक्मे स्क्रूची ०.३ धरली तर सहसा फार चुकत नाही.

ॲल्युमिनियमचं काम घ्या: कटरचे ३०० आणि स्लाइडचे ८०, मिळून ३८० न्यूटन. ५ मिलिमीटर लीडच्या बॉल स्क्रूला टॉर्क लागतो ०.३४ न्यूटन-मीटर. तेच काम २ मिलिमीटर लीडच्या साध्या स्क्रूने करायचं तर ०.४० न्यूटन-मीटर. फरक किरकोळ आहे! बॉल स्क्रूने मोटरचा भार निम्म्यावर येतो असा समज सर्रास ऐकू येतो, पण लीड वाढल्यामुळे टॉर्कमधली बचत जवळजवळ सगळी खर्च होते. फायदा होतो तो वेगात. टेबल मिनिटाला ३००० मिलिमीटर पळवायचं तर ५ मिलिमीटर लीडला ६०० आरपीएम पुरतात. २ मिलिमीटर लीडला १५०० आरपीएम लागतात आणि तिथे बहुतेक स्टेपरचा दम संपलेला असतो. बॅकलॅश (दिशा बदलताना जाणवणारी ढिलाई) कमी होतो तो फायदा निराळा.

म्हणून जुना स्क्रू ठेवणार असाल तर रॅपिडची, म्हणजे न कापता टेबल पळवण्याच्या वेगाची, अपेक्षा आधीच कमी करा. मिनिटाला १२०० मिलिमीटर म्हणजे पुन्हा तेच ६०० आरपीएम. छोट्या मशीनवर एवढा वेग वाईट नाही.

वेग वाढवायला लागणारा टॉर्क

टेबल जड आहे म्हणून मोठी मोटर हवी, हाही असाच एक समज. २० किलोचं टेबल ५ मिलिमीटर लीडमधून मोटरला जाणवतं ते फक्त १२७ ग्रॅम-वर्ग सेंटीमीटर इतक्या जडत्वाचं. १६ मिलिमीटर व्यासाच्या, अर्धा मीटर लांब स्क्रूचं स्वतःचं जडत्व याच्या दुप्पट, सुमारे २५०. आणि नेमा २३ (हे मोटरच्या पुढच्या पट्टीचं माप) आकाराच्या लांब मोटरच्या रोटरचं ४०० ते ५००. म्हणजे मोटरची अर्धीअधिक मेहनत स्वतःलाच फिरवण्यात जाते. स्क्रूचा व्यास वाढवताना जपून, कारण जडत्व व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतं: १६ ऐवजी २० मिलिमीटरचा स्क्रू घेतला की ते जवळपास अडीचपट होतं.

हे सगळं मिळवून, कपलिंग (मोटर आणि स्क्रू जोडणारा तुकडा) धरून, ९०० ग्रॅम-वर्ग सेंटीमीटर धरा. सेकंदाला ५०० मिलिमीटर-प्रति-सेकंद इतका प्रवेग हवा असेल तर टॉर्क लागतो ०.०६ न्यूटन-मीटरपेक्षाही कमी. आता बेरीज करा. कटिंग करताना ०.३४ अधिक ०.०६, म्हणजे ०.४, दुपटीची सुरक्षा धरून ०.८ न्यूटन-मीटर, आणि हे शे-दीडशे आरपीएमवर. रॅपिडला कटरचा भार नसतो, म्हणून ६०० आरपीएमवर स्लाइडचं घर्षण, बेअरिंगचा ताठपणा आणि प्रवेग मिळून ०.२ च्या आसपास, दुप्पट केलं की ०.४. स्टीलच्या वाईटात वाईट हिशोबातही, ७१५ अधिक ८० न्यूटन, आकडा ०.७ च्या थोडा वर जातो आणि दुपटीने दीडपर्यंत पोहोचतो. तोही अगदी सावकाश फीडवर, जिथे स्टेपर आपला जवळजवळ सगळा टॉर्क देते.

दुपटीची सुरक्षा मात्र सोडू नका. स्टेपर भार जास्त झाला म्हणून मंद होत नाही. ती स्टेप चुकते, आणि कंट्रोलरला त्याचा पत्ताही लागत नाही.

डेटाशीटमध्ये इंडक्टन्स आधी वाचा

मोटरच्या वाइंडिंगमध्ये प्रवाह एकदम चढत नाही. तो शून्यापासून पूर्ण व्हायला लागणारा वेळ साधारणपणे इंडक्टन्स गुणिले प्रवाह भागिले सप्लायचं व्होल्टेज. ३.८ मिलिहेन्री, ४.२ अँपिअरची मोटर ४८ व्होल्टवर घेतली तर हा वेळ येतो एक तृतीयांश मिलिसेकंद. ६०० आरपीएमला २०० स्टेपच्या मोटरची एक पूर्ण स्टेप अर्ध्या मिलिसेकंदात संपते, म्हणजे प्रवाह चढायला सवड आहे. तीच मोटर २४ व्होल्टवर चालवली की चढायला ०.६७ मिलिसेकंद हवेत, आणि तोवर पुढची स्टेप येऊन ठेपते. प्रवाह अर्धवट, टॉर्कही अर्धवट.

दोन मोटरांची तुलना करायला याचंच एक सोपं माप बनतं: ३०० गुणिले व्होल्ट, भागिले मिलिहेन्री आणि अँपिअर यांचा गुणाकार. उत्तर आरपीएममध्ये येतं आणि साधारण तिथून टॉर्क घसरायला लागतो असं समजायचं. वरच्या मोटरला ४८ व्होल्टवर ९०० येतात, २४ वर ४५०. प्रत्यक्षात घसरण याच्या बरीच अलीकडे सुरू होते, कारण फिरती मोटर उलट व्होल्टेजही तयार करते. पण कोणती मोटर आधी दमणार हे या आकड्यावरून कळतं.

आता याच मापाने मोठी मोटर तपासा. समजा नेमा ३४ आकाराची, साडेआठ न्यूटन-मीटर, ६ अँपिअर, ६ मिलिहेन्रीची मोटर तुमच्याकडच्या ४८ व्होल्टच्या सप्लायवर लावली. उत्तर ४००. वर तिच्या रोटरचं जडत्व छोट्या मोटरच्या कैक पट. कागदावर तिप्पट ताकदीची मोटर रॅपिडला छोट्या मोटरच्या मागे पडते ती अशी. नेमा ३४ वाईट नाही. तिला ७० व्होल्टच्या आसपासचा सप्लाय आणि तो पेलणारा ड्रायव्हर लागतो. त्याची तयारी नसेल तर ती घेऊ नका.

डेटाशीटमध्ये टॉर्क-वेगाचा आलेख असेल तर उत्तमच, पण आधी त्याखालची बारीक अक्षरं वाचा: आलेख किती व्होल्टवर काढला आहे? ८० व्होल्टवर काढलेला आलेख पाहून ३६ व्होल्टवर चालवायची मोटर निवडणारे कमी नाहीत. आलेखच दिलेला नसेल आणि इंडक्टन्सही लिहिलेलं नसेल, तर ती मोटर माझ्या लेखी यादीतून बाद.

नेमा २३ किंवा ३४ हा आकडा ताकदीचा नाही, पुढच्या चौकोनी पट्टीच्या मापाचा आहे. २३ म्हणजे सुमारे २.३ इंच, ३४ म्हणजे ३.४ इंच. नेमा २३ मध्येच अर्ध्या न्यूटन-मीटरपासून तीनच्या वरपर्यंतच्या मोटर मिळतात. फरक असतो तो मागच्या लांबीत. टॉर्क कधी किलो-सेंटीमीटरमध्ये, कधी औंस-इंचात लिहितात. एक न्यूटन-मीटर म्हणजे सुमारे १०.२ किलो-सेंटीमीटर किंवा १४२ औंस-इंच.

साधारण अंदाज हवा असेल तर असा: एक्स२ आणि बीएफ२० वर्गाच्या छोट्या मिलिंग मशीनला एक्स आणि वाय या टेबलाच्या दोन आडव्या अक्षांसाठी दोन ते तीन न्यूटन-मीटरच्या, कमी इंडक्टन्सच्या नेमा २३ मोटर पुरतात. आरएफ४५ सारख्या जड मशीनला नेमा ३४ चा विचार करायला हरकत नाही. नेमा १७ थ्रीडी प्रिंटरसाठी ठीक, मिलिंगसाठी नाही.

तारा किती?

चार तारांची मोटर जोडायला सोपी. आठ तारांच्या मोटरच्या कॉइल सिरीजमध्ये किंवा पॅरललमध्ये जोडता येतात. सिरीजमध्ये प्रवाह निम्मा लागतो पण इंडक्टन्स पॅरललच्या चौपट होतं, त्यामुळे ड्रायव्हरला पेलत असेल तर मिलिंगसाठी पॅरललच. सहा तारांची मोटर टाळता आली तर टाळा. कोणत्या दोन तारा एकाच कॉइलच्या हे कळत नसेल तर दोन तारा एकमेकींना टेकवून शाफ्ट हाताने फिरवा. जड लागला की जोडी सापडली.

ड्रायव्हर आणि सप्लाय

व्होल्टेज किती ठेवायचं यासाठी जुना प्रचलित नियम आहे: इंडक्टन्सचं मिलिहेन्रीमधलं वर्गमूळ गुणिले ३२. ही कमाल मर्यादा. याच्यावर गेलं की टॉर्क फारसा वाढत नाही, मोटर मात्र तापत जाते. २.५ मिलिहेन्रीला ५० व्होल्ट, ३.८ ला ६२, ६ ला ७८. मोटरवर लिहिलेले तीन-चार व्होल्ट पाहून दचकू नका. प्रवाह ताब्यात ठेवणाऱ्या ड्रायव्हरला त्या आकड्याशी घेणंदेणं नसतं.

दुसरी मर्यादा ड्रायव्हरची. डीएम५४२ जातीचा ड्रायव्हर ५० व्होल्टपर्यंत आणि ४.२ अँपिअरपर्यंतचा असतो. त्याला ४८ व्होल्ट देता येतात, पण टेबल झपकन थांबतं तेव्हा मोटर जनरेटर बनून सप्लायचं व्होल्टेज वर ढकलते. मी अशा ड्रायव्हरला ४४ च्या वर नेत नाही. बहुतेक सप्लायवर व्होल्टेज थोडं खाली आणायचा स्क्रू असतोच. ड्रायव्हरवरचे ४.२ अँपिअर हे शिखराचे असतात, परिणामकारक (आरएमएस) प्रवाह तीनच्या आसपास. ४.२ अँपिअरची मोटर त्यावर चालते, थोडा टॉर्क कमी देते आणि थोडी थंड राहते. वाईट सौदा नाही.

सप्लायच्या अँपिअरसाठी सगळ्या मोटरांच्या प्रवाहांची बेरीज करून तिचे दोन तृतीयांश घ्या. ४.२ अँपिअरच्या तीन मोटरांना साडेआठ अँपिअर पुरतात, म्हणजे ४८ व्होल्टवर ४०० वॉट.

चालू ड्रायव्हरपासून मोटरची तार कधीही सोडवू नका, ढिला कनेक्टरही चालवून घेऊ नका. तुटत्या प्रवाहाचा झटका ड्रायव्हरला तिथल्या तिथे मारतो.

झेड अक्षाचा हिशोब वेगळा

इथे घर्षणाच्या जोडीला हेडचं (स्पिंडलसकट वर-खाली होणाऱ्या भागाचं) वजन येतं. २५ किलोचं हेड म्हणजे २४५ न्यूटन. ५ मिलिमीटर लीडला वर चढवायला ०.२२ न्यूटन-मीटर जास्तीचे. हे फार नाही, पण हा भार कधीच उतरत नाही, आणि ड्रिलिंगचा जोरही याच अक्षावर येतो. म्हणून झेडला चार न्यूटन-मीटरच्या आसपासची मोटर घेण्याची पद्धत बरोबरच आहे. गॅस स्प्रिंग किंवा प्रतिवजन लावलंत तर एक्स-वायचीच मोटर चालून जाते, आणि माझी पसंती त्यालाच.

बॉल स्क्रू बसवलात तर आणखी एक गोष्ट पाहा. साधा स्क्रू हेडला धरून ठेवतो. बॉल स्क्रू धरत नाही. वीज गेली की २५ किलोचं हेड स्क्रूला सुमारे ०.१८ न्यूटन-मीटरने उलट फिरवतं, आणि वीज नसलेल्या नेमा २३ मोटरचा स्वतःचा अटकाव सहसा ०.१ च्याही खाली असतो. घट्ट गिबवर भिस्त ठेवू नका. प्रतिवजन तरी हवं, नाहीतर ब्रेकवाली मोटर हवी.

बेल्ट, क्लोज्ड लूप, मायक्रोस्टेपिंग

दोनास एक बेल्ट लावून टॉर्क दुप्पट होतो हे खरं, पण मोटरला दुप्पट वेगाने फिरावं लागतं. मोटर ज्या भागात आधीच घसरणीवर आहे तिथे हाती काहीच लागत नाही. जागा नसल्यामुळे मोटर बाजूला वळवायची असेल तर बेल्ट जरूर लावा, पण त्यातून फुकटची ताकद मिळेल असं धरू नका.

क्लोज्ड लूप स्टेपरच्या मागे एन्कोडर (शाफ्ट किती फिरला ते मोजणारा) असतो. स्टेप चुकली तर ती सावरून घेते किंवा अलार्म देऊन मशीन थांबवते. महागड्या जॉबवर याची किंमत वसूल होते. टॉर्क मात्र मोटरचा जेवढा आहे तेवढाच राहतो.

मायक्रोस्टेपिंग (एका स्टेपचे आणखी बारीक भाग करणं) अचूकतेसाठी कमी आणि गुळगुळीत चालीसाठी जास्त वापरायचं. ५ मिलिमीटर लीडवर आठ मायक्रोस्टेप ठेवले की एक पल्स (कंट्रोलरचा एक हुकूम) ३.१ मायक्रॉनचा होतो. पण होल्डिंग टॉर्कच्या ३० टक्के भार आला की शाफ्ट जवळजवळ पाच मायक्रॉनइतका मागे राहतो, त्यामुळे याहून बारीक विभागणी कागदावरच राहते. शिवाय पल्सचा वेग वाढतो: १६ मायक्रोस्टेप आणि ६०० आरपीएम म्हणजे सेकंदाला ३२,००० पल्स. जुन्या पॅरलल पोर्टवरून मशीन चालवणाऱ्या माक३ या सॉफ्टवेअरचा नेहमीचा २५,००० चा वेग इथे कमी पडतो, अर्डुइनो उनो बोर्डवरचा जीआरबीएल हा कंट्रोलरही ३०,००० च्या आसपासच थांबतो. आठ किंवा दहावर ठेवा.

बसवताना

मोटर मागवण्याआधी शाफ्टचा व्यास पाहा. नेमा २३ मध्ये ६.३५ आणि ८ मिलिमीटर दोन्ही मिळतात आणि कपलिंग नेमकं दुसऱ्याच मापाचं निघतं. नेमा २३ च्या भोकांमधलं अंतर ४७.१४ मिलिमीटर. स्क्रूचा लांबीच्या दिशेने येणारा (अक्षीय) जोर मोटरच्या बेअरिंगवर येता कामा नये. तो टोकाच्या अँग्युलर कॉन्टॅक्ट बेअरिंगच्या जोडीने घ्यायचा. सर्पिल काप असलेलं ॲल्युमिनियमचं कपलिंग स्वस्त आणि सुटसुटीत असलं तरी ते स्प्रिंगसारखं वळतं. मिलिंगला जॉ किंवा ओल्डहॅम बरं. आणि शाफ्टवर पुली हातोडीने ठोकू नका.

चाचणी

टेबलावर डायल इंडिकेटर लावून शून्य करा. कटर न लावता टेबल दोन टोकांमध्ये रॅपिडने काही मिनिटं पळवा आणि शून्यावर परत आणा. काटा शून्यावर आला तर रॅपिड थोडा वाढवा, पुन्हा पळवा, स्टेप चुकेपर्यंत वाढवत न्या. चुकली त्या वेगाच्या साठ-सत्तर टक्क्यांवर कायमची मर्यादा ठेवा. मग प्रवेगासाठी हाच प्रयोग करा. मधल्याच एखाद्या वेगावर मोटर घोंगावत असेल आणि तिथेच अडखळत असेल तर तो अनुनाद आहे. डिजिटल ड्रायव्हरवर तो कमी जाणवतो, आणि तो वेग चटकन ओलांडला तरी भागतं. तासाभराने मोटरला हात लावून पाहा. हात टेकवत नाही इतकी गरम होणं स्टेपरला नवं नाही. साधारण ८० अंशांपर्यंतचं कवच ती सहज सोसते.

इंडिकेटरचा काटा शून्यावर परत आला नाही, तर किती चुकला ते नीट वाचा. स्टेपर घसरली की ती एकदम चार पूर्ण स्टेपनी घसरते, म्हणजे ७.२ अंशांनी, आणि ५ मिलिमीटर लीडवर ०.१ मिलिमीटरने. चूक ०.१, ०.२, ०.४ अशी पटीत येत असेल तर मोटर कमी पडते आहे: वेग किंवा प्रवेग कमी करा, नाहीतर व्होल्टेज वाढवा. चूक ०.०३ किंवा ०.०७ अशी वेडीवाकडी येत असेल तर मोटरला दोष देऊ नका. कपलिंगचा ग्रब स्क्रू, बेअरिंगचा लॉकनट आणि सिग्नलच्या तारांचं शील्ड, या क्रमाने तपासा.